मेंदूतल्या गाठीची तपासणी पुन्हा का करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंना काही वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. रिपोर्ट ईआर (इस्ट्रोजेन हॉर्मोन पकडणारं प्रथिन) पॉझिटिव्ह, हर-२ (पेशीला वाढायला लावणारं प्रथिन) १+ म्हणजे निगेटिव्ह. ऑपरेशन, केमो, रेडिएशन आणि मग लेट्रोझोलच्या हॉर्मोनविरोधी गोळ्या, सगळं वेळेवर झालं. आता चालताना तोल जाऊ लागला म्हणून एमआरआय केला, तर लहान मेंदूत गाठ निघाली. न्यूरोसर्जननी ती काढली आणि बायॉप्सीत ती स्तनाच्याच कॅन्सरचा प्रसार असल्याचं ठरलं. आता डॉक्टर म्हणतात, या गाठीवर ईआर, पीआर (प्रोजेस्टेरॉन हॉर्मोन पकडणारं प्रथिन), हर-२ पुन्हा करा, जमलं तर एनजीएस, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारी तपासणीही करा. तुम्ही विचारता की कॅन्सर तोच आहे आणि तपासण्या एकदा झाल्या आहेत, मग पुन्हा खर्च कशासाठी? करायच्याच असतील तर नुसतं रक्त देऊन भागणार नाही का? आणि निकाल वेगळा आला, तर पहिला रिपोर्ट चुकला होता असं समजायचं का?

मी मॉलिक्युलर पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठींमधले जनुकीय बदल वाचणं हे गेली बरीच वर्षं माझं रोजचं काम आहे, आणि एकाच रुग्णाची मूळ गाठ व मेंदूतली गाठ शेजारी ठेवून पाहण्याची वेळ पुष्कळदा येते. आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. मेंदूतला तुकडा हाती आहे, तर तो तपासाच. ईआर, पीआर आणि हर-२ या तीन तपासण्या कुठल्याही परिस्थितीत करा. एनजीएस ऐपत आणि पुढच्या उपचारांची शक्यता पाहून करा, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. रक्ताच्या तपासणीवर मात्र या कामासाठी विसंबू नका.

आता कारणं. कॅन्सरची गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा, असं आपण नकळत धरून चालतो. प्रत्यक्षात पेशी दुभंगताना तिच्या डीएनएमध्ये नवे बदल पडत जातात. बहुतेक बदलांनी काही बिघडत नाही, पण एखाद्या बदलाने पेशीला वाढायला सोय होते आणि तिची प्रजा इतरांना मागे टाकते. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं. डोळ्यांनी पाहता आलं ते जनुकवाचनाचं तंत्र आल्यावर. २०१२ मध्ये लंडनच्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या एकेका गाठीचे वेगवेगळे कोपरे तपासले, तेव्हा सापडलेल्या बदलांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश बदल गाठीच्या सगळ्या कोपऱ्यांत नव्हते. ही एकाच अवयवातल्या एकाच गाठीची गोष्ट झाली. तिच्यातून निसटून मेंदूत गेलेल्या पेशीचं काय होत असेल, ते यावरून लक्षात येईल.

एखाद्या जुन्या घराण्याची वंशावळ आठवा. मूळ पुरुष एक. एक शाखा गावातच राहिली, दुसरी काही पिढ्यांपूर्वी बाहेर पडली. आडनाव एक, कुलदैवत एक. पण वेगळं झाल्यानंतर दोन्हीकडे जे घडलं ते आपापलं. गावातल्या घरी चौकशी करून तुम्हाला वाटण्यांच्या आधीचं सगळं कळेल, नंतरचं काहीही कळणार नाही. तुमच्या आईंचा जुना रिपोर्ट हा गावातल्या घराचा रिपोर्ट आहे. त्यात लिहिलेलं खरं आहे. मेंदूतली शाखा कधी फुटली आणि फुटल्यावर तिच्यात काय झालं, एवढं मात्र त्यात नाही.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या प्रिसिला ब्रॅस्टियानोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ८६ रुग्ण, प्रत्येकाचे तीन नमुने: मूळ गाठ, मेंदूतली गाठ आणि तुलनेसाठी निरोगी पेशी. त्यात स्तनाचे, फुफ्फुसाचे, मूत्रपिंडाचे असे निरनिराळे कॅन्सर होते. तिन्ही नमुन्यांतला प्रथिनं घडवणारा सगळा डीएनए वाचून कोणता बदल कुठे आहे आणि कुठे नाही, याची मांडणी केली. दोन्ही गाठींचा पूर्वज एकच असल्याचं दिसलं, पण शाखा फुटल्यावर दोघी स्वतंत्रपणे बदलत गेल्या होत्या. आणि ५३ टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरू शकेल असा किमान एक बदल होता, जो मूळ गाठीच्या नमुन्यात सापडला नव्हता.

निम्म्याहून अधिक. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्यासारख्या अनेकांची काम करण्याची पद्धत बदलली. त्याची मर्यादाही सांगायला हवी. मूळ गाठीचा बहुधा एकच तुकडा तपासलेला असतो, त्यामुळे ‘सापडला नाही’ म्हणजे मूळ गाठीत कुठेच नव्हता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एखाद्या न तपासलेल्या कोपऱ्यात तो असू शकतो. पण रुग्णाच्या दृष्टीने फरक पडत नाही. हातातल्या रिपोर्टमध्ये तो नव्हता, आणि मेंदूत आहे.

त्याच अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष मला तितकेच मोलाचे वाटतात, कारण ते रोजच्या निर्णयात उपयोगी पडतात. एकाच रुग्णाच्या मेंदूत दोन-तीन ठिकाणी गाठी असल्या, किंवा एक आज आणि दुसरी काही महिन्यांनी उगवली, तरी त्या आपसांत जनुकीयदृष्ट्या बऱ्याचशा सारख्या निघाल्या. म्हणजे मेंदूतली एक गाठ तपासली की बाकीच्यांबद्दल बऱ्यापैकी अंदाज येतो. आईंच्या एमआरआयमध्ये दुसरीकडे एक बारीक ठिपका आहे असं तुम्ही लिहिलं आहे. तपासणीसाठी म्हणून त्याला हात लावायची गरज नाही.

दुसरा निष्कर्ष याच्या उलट दिशेचा आहे. काखेतल्या लसिका गाठी किंवा शरीरात इतरत्र पसरलेल्या गाठी मेंदूतल्या गाठीपेक्षा खूपच वेगळ्या होत्या. ‘काखेतली गाठ सहज मिळते, सुईने काढू आणि तीच तपासू’ हा मोह डॉक्टरांनाही होतो. काखेतल्या गाठीचे उपचार ठरवायला ते ठीक आहे. मेंदूत काय चाललं आहे, हे त्यातून कळत नाही.

आता तुमच्या आईंच्या आजाराकडे वळते, कारण स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा फरक सगळ्यांत जास्त उपयोगाचा आहे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१७ मध्ये स्तनातली मूळ गाठ आणि मेंदूतली गाठ अशा २० जोड्या तपासल्या. गाठीचा ढोबळ प्रकार २० पैकी १७ जोड्यांत तोच राहिला होता. त्यावर थांबलं असतं तर ‘कॅन्सर तोच’ हे तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण जनुकं किती जोमाने काम करत आहेत हे मोजल्यावर चित्र बदललं. २० पैकी ७ जणींच्या मेंदूतल्या गाठीत हर-२ जनुकाचं काम मूळ गाठीच्या दुपटीहून जास्त वाढलेलं होतं, आणि आधी हर-२ निगेटिव्ह असलेल्या काही गाठी मेंदूत चक्क पॉझिटिव्ह निघाल्या. उलट, ईआरचं जनुक अनेकींत मंदावलं होतं. हे माझ्या टेबलावरही दिसतं. मेंदूत गेलेल्या गाठीत ईआर हरवण्याची शक्यता आणि हर-२ वाढण्याची शक्यता, दोन्ही लक्षात ठेवूनच मी स्लाइड पाहते.

हर-२ पॉझिटिव्ह आलं तर काय होईल? उपचारांची सगळी वाटच बदलते. हर-२ वरची काही औषधं मेंदूतल्या आजारावर चांगलं काम करतात, आणि हे मेंदूत प्रसार असलेल्या स्त्रियांवरच तपासलेलं आहे. टुकाटिनिबच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१२ रुग्ण होत्या आणि त्यांतल्या २९१ जणींना मेंदूत प्रसार होता. एरवी अशा रुग्णांना चाचण्यांतून वगळतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. या २९१ जणींमध्ये एक वर्षानंतर आजार न वाढता असलेल्यांचं प्रमाण इतर औषधांना टुकाटिनिब जोडलेल्या गटात सुमारे २५ टक्के होतं, आणि ते न जोडलेल्या गटात शून्य. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानच्या २०२४ मधल्या अभ्यासात हर-२ पॉझिटिव्ह आणि मेंदूत प्रसार असलेल्या २६३ रुग्ण होत्या. एक वर्षानंतर ६० टक्क्यांहून अधिक जणींचा आजार आटोक्यात होता. ही औषधं महाग आहेत, सगळ्यांच्या आवाक्यातली नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण लॅपॅटिनिब आणि कॅपेसिटॅबिन या जुन्या गोळ्यांनीही फ्रान्समधल्या २०१३ च्या अभ्यासात ४४ पैकी २९ जणींच्या मेंदूतल्या गाठी निम्म्याहून अधिक आक्रसल्या होत्या. टुकाटिनिब किंवा लॅपॅटिनिब ‘हर-२ निगेटिव्ह’ असा जुना रिपोर्ट पाहून कुणी लिहून देणार नाही. म्हणून पुन्हा तपासणी.

निकाल पॉझिटिव्ह आला नाही, तरी ० ते ३+ या मोजपट्टीवरचा नेमका आकडा महत्त्वाचा आहे. पूर्वी ०, १+ आणि फिशमध्ये (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) निगेटिव्ह ठरलेला २+ या सगळ्यांना एकच शिक्का मारायचे, निगेटिव्ह. २०२२ पासून तसं राहिलेलं नाही. १+ किंवा फिश निगेटिव्ह असलेला २+ अशा गाठींना आता हर-२ लो म्हणतात, आणि त्यांच्यावरही ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकानचा उपयोग होतो हे त्या वर्षीच्या चाचणीत दिसलं. त्यामुळे रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ लिहून आलं, तर लॅबला विचारा: शून्य की १+?

इथे एक गल्लत होऊ शकते, ती टाळायला हवी. गाठीत औषधाचं लक्ष्य सापडलं म्हणजे औषध लागू पडेलच, असं नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. रक्तातले बरेचसे पदार्थ त्या आत येऊ देत नाहीत आणि जे शिरतात त्यांतले काही पुन्हा बाहेर ढकलतात. गाठीच्या ठिकाणी ही भिंत थोडी पोखरलेली असते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून डॉक्टरांना दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात: लक्ष्य आहे का, आणि औषध तिथवर पुरेसं पोचतं का? दोन्हींची उत्तरं ‘हो’ असूनही कधी निराशा येते. अबेमासिक्लिब हे पेशींचं दुभंगणं रोखणारं औषध मेंदूत बऱ्यापैकी पोचतं. तरी ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आणि मेंदूत प्रसार असलेल्या ५८ स्त्रियांना ते दिलं, तेव्हा मेंदूतली गाठ ठळकपणे लहान झाली ती फक्त ३ जणींची. जनुकीय तपासणी न करता, सरसकट दिलं तर असं होतं. सीडीके किंवा पीआय३के या, पेशींची वाढ चालवणाऱ्या मार्गांतले बदल ज्यांच्या मेंदूतल्या गाठीत सापडतात, अशांनाच निवडून त्या-त्या मार्गावरचं औषध देऊन पाहणारी चाचणी अमेरिकेत २०१९ पासून सुरू झाली. मेंदूतल्या गाठीचं स्वतंत्र वाचन हीच तिची पायरी आहे.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते, म्हणून लिहिते. मेंदूतल्या गाठीचं वेगळेपण नेहमी डीएनएतल्या कायमच्या बदलांमुळेच येतं असंही नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन सेंटरमधल्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की मेंदूत शिरलेल्या कॅन्सरच्या पेशींमध्ये पीटेन हे वाढीला लगाम घालणारं प्रथिन कमी होतं. त्याचं कारण मेंदूतल्याच ॲस्ट्रोसाइट पेशी. त्या बारीक पुडक्यांतून आरएनएचे छोटे तुकडे सोडतात आणि ते तुकडे कॅन्सरच्या पेशीत शिरून पीटेन दाबून टाकतात. त्याच पेशी मेंदूतून बाहेर काढल्या की पीटेन परत येतं! म्हणजे पेशी जिथे राहते ती जागासुद्धा तिला घडवते. उंदरांमधल्या अशा कामातून रुग्णासाठी औषध निघायला वेळ लागतो. पण मेंदूतली गाठ मेंदूतच वाचायला हवी, याला त्यातून आणखी एक आधार मिळतो. एनजीएस जनुकं वाचतं, प्रथिनाचं प्रमाण सांगत नाही, हेही यातून लक्षात यावं.

तुमच्या मामांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे आणि त्यांनाही हेच लागू होतं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. तिथे माझं उत्तर थोडं वेगळं आहे. फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या नेहमी दिसणाऱ्या प्रकारात ईजीएफआर किंवा अल्क या जनुकांतला बदल बहुधा अगदी सुरुवातीचा, शाखा फुटण्याच्या आधीचा असतो, म्हणून तो मेंदूतही सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या ९०७ रुग्णांच्या अभ्यासात ईजीएफआरमधला बदल २३ टक्क्यांना होता, म्हणजे आपल्याकडे तो काही विरळा नाही. असा बदल फुफ्फुसाच्या तुकड्यात किंवा रक्तात सापडलेला असेल आणि रुग्णाला मेंदूचा त्रास जाणवत नसेल, तर केवळ खातरजमा म्हणून कवटी उघडणं मला पटत नाही. ओसिमर्टिनिब हे ईजीएफआरवरचं औषध मेंदूत चांगलं पोचतं. २०१८ च्या आकड्यांनुसार, मेंदूत मोजण्याजोगी गाठ असलेल्यांपैकी ९१ टक्क्यांमध्ये ती आक्रसली, तर आधीच्या पिढीच्या गोळ्यांवर ६८ टक्क्यांमध्ये. अल्कसाठीही क्रिझोटिनिबवर पहिल्या वर्षात सुमारे ४१ टक्के रुग्णांचा मेंदूतला आजार वाढला, तर अलेक्टिनिबवर सुमारे ९ टक्के जणांचा. मेंदूतली गाठ मोठी असेल किंवा त्रास देत असेल, तर गोळ्यांसोबत रेडिओसर्जरी (फक्त गाठीवर नेमकं दिलेलं रेडिएशन) कधी करायची हे रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

फुफ्फुसातही मेंदूची शाखा वेगळी पडतेच. बॉस्टनमधल्याच गटाने २०२० मध्ये मेंदूत पसरलेल्या ७३ फुफ्फुसाच्या गाठी ५०३ मूळ गाठींशी ताडून पाहिल्या, तेव्हा मिक, वायएपी१ आणि एमएमपी१३ या जनुकांच्या जादा प्रती मेंदूतल्या गाठींत जास्त वेळा सापडल्या. पण या तिन्हींवर आज रोजच्या उपचारात देता येईल असं औषध नाही. त्यामुळे मामांच्या बाबतीत या फरकाने उद्याचा निर्णय बदलणार नाही. आईंच्या बाबतीत हर-२ने तो बदलू शकतो.

मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरबद्दल इथे फार लिहीत नाही, आपल्याकडे तो कमी दिसतो. त्यात ब्रॅफ या जनुकातला बदल मूळ गाठीत आणि मेंदूत सहसा सारखाच असतो.

आता रक्ताचा प्रश्न. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात आणि ते वाचता येतात, हे खरं. पण मेंदूच्या त्याच घट्ट भिंतींमुळे तिथला डीएनए रक्तात फार कमी उतरतो. आजार फक्त मेंदूत असेल तर रक्ताची तपासणी बऱ्याचदा कोरी येते, आणि इतरत्रही असेल तर त्यात त्या इतर गाठींचाच आवाज मोठा असतो. कोरा रिपोर्ट वाचून ‘काही बदल नाही’ असं समजणं हा त्यातला खरा धोका. मेंदूभोवतीच्या पाण्यात हा डीएनए रक्तापेक्षा चांगला सापडतो, हे बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. मेंदूच्या आवरणांत कॅन्सर पसरल्याची शंका असते, तेव्हा पाठीच्या कण्यातून ते पाणी काढून तपासणं फार उपयोगी पडतं. पण डोक्यातला दाब वाढलेला असताना कण्यातून पाणी काढणं धोक्याचं असतं, म्हणून ते सरसकट करत नाहीत. तुमच्याकडे तर प्रत्यक्ष गाठच आहे. तिच्यापेक्षा चांगला नमुना दुसरा नाही.

निकाल वेगळा आला तर पहिली लॅब चुकली होती का? बहुतेक वेळा नाही. वर लिहिलेली सगळी कारणं त्यामागे असतात. पण तांत्रिक कारणानेही फरक येऊ शकतो. गाठ काढल्यावर तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला हवी आणि त्यात किमान ६, फार तर ७२ तास राहायला हवी. हे पाळलं गेलं नसेल तर ईआर आणि हर-२ दोन्हींचे निकाल डळमळतात. म्हणून मी नेहमी एक गोष्ट सुचवते: जुन्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मिळवा आणि नव्या ब्लॉकसोबत त्याच लॅबमध्ये, एकाच वेळी, एकाच रसायनाने दोन्हींची तपासणी करून घ्या. शेजारी-शेजारी पाहिलं की फरक गाठीतला आहे की प्रक्रियेतला, हे स्पष्ट होतं. खर्च थोडाच वाढतो. ब्लॉक रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जपून ठेवलेला असतो आणि अर्ज केल्यावर मिळतो. नुसत्या स्लाइड घेऊन येऊ नका, ब्लॉक मागा.

मेंदूच्या तुकड्याबद्दलही काही विचारून घ्या. लहान मेंदूतली गाठ काढताना सर्जन कधी ती ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात. तसं झालं असेल तर चांगला, अखंड भाग किती उरला ते पॅथॉलॉजिस्टच सांगू शकतील. गाठीचा मधला भाग बऱ्याचदा मेलेला असतो, त्यात डीएनए मोडलेला सापडतो. कडेला निरोगी मेंदूच्या पेशी मिसळलेल्या असतात. एनजीएससाठी पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सरच्या पेशी साधारण २० टक्क्यांच्या वर असाव्यात, नाहीतर असलेला बदलही निसटतो. कोणता ब्लॉक पाठवायचा हे पॅथॉलॉजिस्टला स्लाइड पाहून ठरवू द्या. आधी ईआर, पीआर, हर-२ होऊ देत, ते काही दिवसांत कळतं. हर-२ २+ आलं तर फिश. त्यानंतर उरलेल्या तुकड्यावर एनजीएस, ज्याला दोन-तीन आठवडे लागतात. हा क्रम उलटा झाला आणि तुकडा संपला, तर सगळ्यांत उपयोगी तपासणीच राहून जाते.

एनजीएस करायचं का, हे ठरवताना आईंच्या कॅन्सरतज्ज्ञांना सरळ विचारा: यात समजा पीआय३केचा किंवा दुसरा काही बदल सापडला, तर तुम्ही देऊ शकाल असं औषध आहे का, ते आम्हाला परवडेल का, आईंना झेपेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर आज एनजीएस न करण्यात काहीही गैर नाही. ब्लॉक राहतो, पुढे गरज पडली तर तेव्हा करता येईल. कर्ज काढून मोठं पॅनेल करायचं आणि औषधासाठी पैसेच उरायचे नाहीत, असं होताना मी पाहिलं आहे आणि ते पाहून वाईट वाटतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, ज्यांच्या घरी मेंदूत नुसता ठिपका दिसला आहे आणि अजून तुकडा काढलेला नाही. आधी कॅन्सर झालेला असला तरी मेंदूतला प्रत्येक डाग कॅन्सरच असतो असं नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या केंटकीमधल्या चाचणीत मेंदूत एकच गाठ असलेल्या ५४ कॅन्सर रुग्णांचा तुकडा काढून पाहिला, तेव्हा ६ जणांची गाठ कॅन्सरचा प्रसार नव्हतीच. आपल्याकडे तर क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ एमआरआयवर हुबेहूब अशी दिसू शकते. शंका असेल तिथे तुकडा काढण्याचं हे पहिलं कारण, जनुकांचं कारण त्यानंतरचं.

‘जनुकीय बदल’ हे शब्द वाचून तुम्ही स्वतःबद्दल आणि बहिणीबद्दल काळजी व्यक्त केली आहे. वर ज्या बदलांबद्दल लिहिलं ते आईंच्या आयुष्यात, फक्त त्या गाठीच्या पेशींमध्ये घडलेले आहेत. ते जन्माने मुलांकडे येत नाहीत. मेंदूतल्या गाठीत काहीही नवं सापडलं, तरी त्याने तुमचा धोका वाढत नाही. वारशाने येणारे बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ मधले बदल हा स्वतंत्र प्रश्न आहे. आईंना पहिला कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा आजी-मावशी यांपैकी कुणाला स्तनाचा अथवा बीजाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर आईंच्या रक्ताची त्यासाठी वेगळी तपासणी करून घ्या. आधी आईंची, मग गरज पडली तर तुमची.

शेवटी, घाईचं काय आणि थांबण्यासारखं काय. गाठ काढलेल्या जागी रेडिएशन द्यायचं ठरलं असेल तर ते कुठल्याही जनुकीय रिपोर्टसाठी थांबवू नका. जखम भरली की डॉक्टर सांगतील त्या वेळी ते व्हायला हवं, कारण काढलेल्या जागीच गाठ परत येण्याचं प्रमाण मोठं आहे. औषध कोणतं द्यायचं याचा निर्णय मात्र हर-२चा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबू शकतो, तो काही दिवसांचाच प्रश्न आहे. रिपोर्ट आला की ईआर, पीआर आणि हर-२चा नेमका आकडा, आणि शरीरात इतरत्र आजार आहे की नाही हे सांगणारा पेट-सीटीचा निकाल, एवढं कळवा. पुढची औषधं कोणत्या क्रमाने विचारात घेता येतील, ते त्यावरून सांगता येईल.